आत घेतलेली कड

सुजाता,

तू गेल्यापासून मी तुझ्या घरी तीनदा येऊन गेले. तिन्ही वेळा एक गोष्ट सांगायची असं ठरवून निघाले आणि तिन्ही वेळा ती न सांगताच चपला घालून जिना उतरले. तुझी लेक प्रज्ञा दारापर्यंत यायची, "मावशी, सावकाश जा" म्हणायची. मला वाटायचं, आता इथेच पायरीवर बसावं आणि हिला सगळं सांगून टाकावं. पण मी सावकाश गेले, नीट गेले, घरी पोचल्याचा मेसेजही केला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुझ्याबद्दल कितीतरी लोक बोलले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले की आमच्या चाळीचं छप्पर दर वर्षी मे महिन्यात हीच झाकून द्यायची, स्वतः वर चढून. एक रिक्षावाला नुसताच उभा राहिला आणि रडून खाली बसला. मग प्रज्ञाने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, तुम्ही तर शाळेपासूनच्या मैत्रीण, दोन शब्द बोला. मी गळ्याला हात लावून घसा बसल्याची खूण केली. घसा बसलेला नव्हता. तिने लगेच कोणाला तरी माझ्यासाठी कोमट पाणी आणायला सांगितलं आणि मी ते सगळ्यांसमोर प्यायले.

म्हणून आता लिहितेय. तू हे वाचणार नाहीस म्हणूनच लिहायला जमतंय, हेही मला कळतं.

आठवीत आपण एका बाकावर आलो. ती घाटकोपरची शाळा, खिडकीबाहेर डोंगर आणि डोंगरावर एकाला एक चिकटलेली घरं. त्यातलं तुझं कुठलं हे तू मला बोटाने दाखवायचीस आणि मला कधीच दिसायचं नाही. माझ्या डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी. तुझ्या डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी. वर्षभर मी तुझा डबा खाल्ला, घरी कळू न देता. गणपतीच्या आदल्या दिवशी तू विचारलंस, "तुमच्याकडे असतात ना मोदक? मी येऊ खायला?" मी म्हटलं, आईला बरं नाहीये. आई ठणठणीत होती, एकवीस मोदकांची उकड काढत होती. तू परत कधी विचारलं नाहीस आणि डबा मात्र पुढे करत राहिलीस. हे मी तीस वर्षांत कोणाला सांगितलेलं नाही. पुढचं कळायला हे कळणं गरजेचं आहे, म्हणून सांगतेय. मी एका दिवसात अशी झाले नाही.

दहावीनंतर आपली साथ सुटली. मी कॉलेज, नोकरी, लग्न करून मुलुंडला आले, अंधेरीच्या विम्याच्या ऑफिसात रुजले. बेचाळिसाव्या वर्षी कंबर धरली तेव्हा डॉक्टर म्हणाले, चालत जा. त्यातून बायकांच्या एका भटक्या ग्रुपमध्ये शिरले. रात्री तंबूत, खडकाळ जमिनीवर झोपायचं म्हणजे माझ्या कंबरेला शिक्षाच. ग्रुपमधल्या दोघी दोन झाडांच्या मधे झोळी बांधून झोपायच्या, हॅमॉक. एकदा त्यात झोपून बघितलं आणि पाठ अशी सुटली की मी दुसऱ्याच दिवशी एक मागवली.

झोळी घेणं सोपं असतं. खरी पंचाईत तिच्यावर काय धरायचं याची. आधी मी ती निळी प्लॅस्टिकची ताडपत्री नेली, पावसाळ्याआधी आपल्याकडे घराघरावर चढते ती. जड होती, वारा आला की कुरकुर करत होती, आणि सकाळपर्यंत तिच्या दोन कोपऱ्यांतल्या रिंगा कापड फाडून बाहेर आल्या. मग ऑनलाइन एक चौकोनी पातळ मागवली, तिरकी टाकायची, म्हणजे दोन टोकं झाडांकडे आणि दोन जमिनीकडे. दिसायला देखणी, मुठीत मावणारी. पाऊस सरळ पडला तर ठीक. तिरका आला की गुडघ्यापासून खाली मी भिजलेली. तिसऱ्या वेळी ठरवलं, शिवूनच घ्यायची, आणि शनिवारी दुपारी मापाचा कागद घेऊन घाटकोपरला ताडपत्रीवाल्यांच्या गल्लीत आले.

दुकानात मशीनवर एक बाई मान खाली घालून रिक्षाचं हूड शिवत होती. मी माप वाचायला लागले. तिने मान वर न करता सांगितलं, माप राहू द्या, खाली काय ठेवायचंय ते सांगा. मी म्हटलं, मीच. झोळीत झोपलेली. तेव्हा तू वर बघितलंस. बराच वेळ बघत राहिलीस.

"मेधे, तू अजून बाळच आहेस काय गं?"

सुजाता, त्या दुपारी मी किती हसले होते. वडील गेल्यावर दुकान तू चालवत होतीस. दोन भाऊ असून त्या दोघांना मशीनवर बसायचं नव्हतं म्हणून. नवरा खाजगी कंपनीत सुपरवायझर, मुलगी बारावीला, सासू बिछान्याला. हे सगळं तू मला दहा मिनिटांत सांगितलंस, पायाने मशीन चालवत. मग ते हूड बाजूला सारलंस आणि माझ्या झोळीची चौकशी सुरू केलीस, डॉक्टरने करावी तशी. टांगल्यावर लांबी किती भरते? अकरा फूट. मग आढं, म्हणजे ताडपत्रीची मधली वरची रेघ, बारा फूट तरी हवं, डोक्याकडे आणि पायाकडे वीतभर जास्त. झोपतेस कशी, सरळ की तिरकी? तिरकी, तशीच पाठ सपाट राहते. मग रुंदीही वाढली. पाऊस कुठून येतो? मी म्हटलं, वरून. तू कपाळावर हात मारलास.

कापडं तू तीन काढलीस. निळं प्लॅस्टिक तू स्वतःच बाजूला टाकलंस. दुसरं नायलॉन होतं, हाताला रेशमासारखं. मला तेच आवडलं. तू म्हणालीस, ओलं झालं की हे लोंबतं, रात्री उठून दोऱ्या ओढत बसशील. तिसरं पॉलिस्टरचं, सिलिकॉन चढवलेलं, एका सॅक शिवणाऱ्याकडचा ताग्याचा शेवटचा तुकडा. त्याची तू खोळ केलीस, त्यात तांब्याभर पाणी ओतलंस आणि खिळ्याला टांगून ठेवलंस. आपण दोघींनी वडापाव खाल्ले, शाळेतल्या बाईंच्या नकला केल्या, दोन तास गेले. मग तू खोळीच्या खालून बोट फिरवलंस आणि मला दाखवलंस. कोरडं.

कापायची वेळ आली तेव्हा आपलं पहिलं भांडण झालं. तू खडूने कडेला रेघ मारलीस ती सरळ नव्हती. एका कोपऱ्यापासून निघून आत वळत, मधे जवळजवळ वीतभर आत येऊन परत दुसऱ्या कोपऱ्याला जात होती. मी म्हटलं, एवढं कापड वाया का घालवतेस, आधीच तुकडा लहान आहे. तू म्हणालीस, सरळ कड ठेवली तर कोपरे ताणले तरी मधला भाग ढिला राहतो आणि तोच रात्रभर फडफडतो. कड आत घेतली की कोपरा ओढल्याबरोबर सगळं कापड एकदम ताठ होतं. तुझे वडील मंडपाची छतं शिवायचे, तिथे तू लहानपणी बघितलेलं होतंस. पण एवढ्या पातळ कापडावर, झोळीसाठी, किती आत घ्यायची हे तुझं तू ठरवलंस. वर्तमानपत्रं चिकटवून तीन वेळा आकार काढलास आणि दोन वेळा फाडलास. मी स्टुलावर बसून बघत होते. मी केलं ते एवढंच.

रिंगा तू घातल्याच नाहीस. भोक पाडलं की तिथून फाटणार, म्हणालीस, आणि प्रत्येक कोपऱ्याला दुपदरी त्रिकोणी तुकडा लावून त्यावर सॅकच्या पट्ट्याचे फासे शिवलेस. आढ्याची शिवण दुमडून घेतलीस आणि वरून सिलिकॉनचा हात मारलास, कारण सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला आमंत्रण. दोन्ही टोकांना दारासारखी पाखं ठेवलीस, हवी तर आत वळवायची, नको तर मागे बांधायची. कुशीच्या, म्हणजे खाली उतरणाऱ्या बाजूच्या, मधोमध आणखी एक फासा. तो कशाला ते मला कळलं नाही. तू म्हणालीस, बांधायला घेऊ तेव्हा दाखवते.

बांधायला आपण आरे कॉलनीत गेलो, तुझ्या मावशीच्या क्वार्टरमागे. दोन आंबे होते, मधे पंधरा फुटांचं अंतर, पलीकडे तबेला. एकापाठोपाठ चार रविवार. पहिल्या रविवारी मी दोऱ्यांना निरगाठी मारल्या आणि तू त्या एकेक नखाने सोडवल्यास. सुरगाठ मार, एक टोक ओढलं की सुटली पाहिजे, ओल्या हातांनी अंधारात तुलाच सोडवायची आहे. दुसऱ्या रविवारी तू त्या मधल्या फाशात काठी अडकवून एक बाजू वर उचललीस आणि झोळीसमोर ओसरी तयार झाली, चहा करता येईल एवढी. तिसऱ्या रविवारी आढं खाली घेऊन दोन्ही कुशी जमिनीलगत आणल्यास, पाखं मिटलीस, आणि मावशीकडून पाण्याचा पाइप घेऊन आडवं पाणी मारलंस. मी आत होते. एक थेंब आला नाही. एकदा तर झाडं नाहीतच असं समजून तिचाच काठ्यांवर तंबूही उभा केलास. मावशी म्हणाली, आमच्या गुरांनाही एक शिव.

चौथ्या रविवारी मी तुला झोळीत झोपवलं. तू नको म्हणत होतीस, मी वजनाने पाडीन म्हणालीस, मग साडी आवरून आडवी झालीस. पाच मिनिटं बडबडलीस. मग गप्प. मी बघितलं तर तू झोपली होतीस, तोंड किंचित उघडं, एक हात बाहेर लोंबलेला. तास होऊन गेला तरी मी हाक मारली नाही. उठलीस तेव्हा कुठे आहोत हे तुला क्षणभर कळलं नाही. दुपारची झोप लग्नानंतर पहिल्यांदाच मिळाली म्हणालीस. मग म्हणालीस, "पुढच्या वेळी मलाही ने ना जंगलात. सासूकडे बघायला प्रज्ञा आहे."

मी हो म्हटलं. त्यानंतर ग्रुपच्या पाच सहली झाल्या. एकीलाही मी तुला बोलावलं नाही.

का, ते आता लिहायचं आहे. ताडपत्री बघून ग्रुपमधल्या बायका थक्क झाल्या. पहिल्या सहलीत मी म्हटलं, आम्ही मिळून केली. आम्ही म्हणजे कोण हे कोणी विचारलं नाही. दुसऱ्या सहलीत म्हटलं, मी करून घेतली. तिसऱ्या सहलीपर्यंत ते "माझं डिझाइन" झालं होतं, आणि ते म्हणताना माझी जीभ अडखळली नाही. ग्रुप चालवणारी शलाका म्हणाली, व्हिडिओ कर ना यावर, ताडपत्री कशी निवडायची, कशी बांधायची. मी केला. पाण्याची खोळ दाखवली, सुरगाठ दाखवली, आत घेतलेली कड दाखवून म्हटलं, यावर मी बरेच प्रयोग केले. लोकांनी कौतुक केलं. ऑफिसातल्या कोणी कधी केलं नव्हतं असं कौतुक. त्यात तू आली असतीस तर पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांना कळलं असतं की हे डोकं कोणाचं आहे. म्हणून तुला बोलावलं नाही. आणि तू कुठली, मी कुठली, हेही त्यात नव्हतं असं म्हटलं तर खोटं होईल. त्या बायकांत तुझी ओळख कशी करून द्यायची हे मला ठरवता येत नव्हतं. मैत्रीण म्हणायचं की ताडपत्रीवाली? तुला ऑर्डरी येत होत्या, त्या मी मिळवून देत होते. तेवढ्यावर मी स्वतःला समजावत होते.

ऑक्टोबरात दहिसर चेकनाक्याच्या पुढे एका वाडीत ग्रुपने दिवसभराचं शिबिर ठेवलं. शलाकानेच तुला परस्पर फोन केला, येऊन बायकांच्या झोळ्यांची मापं घ्या म्हणून. तू सकाळी सातलाच आलीस, नवा पंजाबी ड्रेस घालून, पाठीवर प्रज्ञाची कॉलेजची सॅक. मला बघून हात केलास. मी तुझी ओळख करून दिली, "या आपल्या ताडपत्र्या शिवतात."

दुपारी मी सगळ्यांना बांधायला शिकवत होते. तू चार हात अंतरावर टेप घेऊन उभी होतीस. एका मुलीने कडेवर हात फिरवून विचारलं, ही अशी वळवायची कल्पना कोणाची? दोरी माझ्या हातात होती. मी तुझ्याकडे बघितलं नाही.

"माझी," मी म्हटलं.

मग ती तुझ्याकडे वळली. तुम्हाला कापायला कठीण नाही गेलं का? तू टेप गुंडाळलास.

"मॅडमनी सांगितलं तसं कापलं."

तीस वर्षांत तू मला मेधे शिवाय दुसरी हाक मारली नव्हतीस.

चारच्या सुमाराला परतीचा पाऊस आला, वाऱ्यासकट. मी दाखवण्यासाठी ओसरी उचलून बांधली होती आणि उघडी बाजू नेमकी वाऱ्याकडे ठेवली होती. ताडपत्री शिडासारखी फुगली. झोळीच्या दोरीवरून पाणी चालत चालत आत उतरायला लागलं. बायका माझ्याकडे बघत होत्या आणि मी भलतीच दोरी ओढत होते. तू पुढे आलीस आणि सगळ्यांसमोर विचारलंस, "मॅडम, ही जरा सोडू का?" मी मान हलवली. तू काठ्या काढल्यास, वाऱ्याकडची कुस खाली घेतलीस, आढं हातभर उतरवलंस. मग खिशातून जाड दोऱ्याचे तुकडे काढून झोळीच्या दोन्ही दोऱ्यांना ताडपत्रीच्या आत बांधलेस, टोकं लोंबती ठेवून. पाणी दोऱ्यापर्यंत यायचं आणि तिथून खाली टपकायचं, झोळीपर्यंत पोचायचं नाही. सगळं मिळून पाच मिनिटं. टाळ्या वाजल्या. शलाका मला म्हणाली, तुझी टीम भारी आहे.

परत येताना दहिसरहून आपण मेट्रोत शेजारी बसलो. मी शिबिराबद्दल बोलत होते, न थांबता, तू बाहेर बघत होतीस. अंधेरीला गाडी बदलायच्या पुलावर मला राहवलं नाही. मी विचारलं, तू काही बोलली का नाहीस तिथे? बघ ना, म्हणजे तो प्रश्नही मी तुझ्यावरच टाकला.

तू म्हणालीस, "मी काय बोलायचं होतं? तू बोललीस ना."

मी विचारलं, राग आला का. तू चालायची थांबलीस. लोक आपल्याला वळसा घालून जात होते.

"राग नाही गं आला. तुझी लाज वाटली. म्हटलं, ह्या सगळ्या बायकांना कळलं तर हिची काय वाट लागेल. म्हणून बोलले तसं."

मला तेव्हा तुझे पाय धरता आले असते. नुसतं चुकलं म्हणता आलं असतं. मी काय केलं, तर चिडले. म्हटलं, तुझं नाव घेतलं असतं तर कोण आलं असतं विचारत? माझ्यामुळे तुझं काम चार लोकांत गेलं. तू म्हणालीस, "बरोबर आहे," आणि पुढे चालायला लागलीस. घाटकोपरला उतरल्यावर तू डावीकडे गेलीस, मी उजवीकडे. ते भांडण तिथेच राहिलं. त्याचं उत्तर द्यायची पाळी तुझी होती असं मी तीन महिने धरून बसले.

त्या तीन महिन्यांत तुझे चार मेसेज आले. दोन तयार आहेत. कापड संपलंय, दुसरं बघते. पाखं थोडी मोठी केली तर चालेल का. शेवटचा, प्रज्ञाला कॉलेज बदलून अमुक कॉलेजात प्रवेश हवाय, तुझ्या ओळखीचं कोणी आहे का. पहिल्या तिन्हींना मी अंगठा पाठवला. चौथ्याला, बघते. बघितलं नाही. मग तुला ताप आला आणि पाचव्या दिवशी प्रज्ञाच्या स्टेटसवर तुझा हार घातलेला फोटो दिसला. मी ऑफिसात होते. मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहिते, नाहीतर या लिहिण्याला अर्थ नाही. क्षणभर, अगदी एकच क्षण, मला सुटल्यासारखं वाटलं. आता कोणी सांगणार नाही, असं. मग मी बाथरूममध्ये जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले. पण तो क्षण आधी आला होता.

गेल्या शनिवारी प्रज्ञाने दुकानात बोलावलं. कॉलेज सांभाळून ती आता मशीनवर बसते, तुझ्यासारखीच मान घालून. माळ्यावरचं सामान उतरवत होती. तपकिरी कागदाची एक गुंडाळी तिने माझ्यापुढे केली. उलगडली तर तोच आकार, शेवटचा, न फाडलेला, पक्क्या कागदावर काढून ठेवलेला. कोपऱ्यात तुझ्या अक्षरात लिहिलं होतं, मेधा, बारा फूट.

"हे तुमचं डिझाइन ना मावशी? नाव तुमचंच आहे. घेऊन जा, आई गेल्यावर आमच्याकडे कशाला."

तू नाव घातलंस ते गिऱ्हाईकाचं म्हणून, सगळेच शिंपी घालतात तसं. प्रज्ञाला ते वेगळं वाटलं. माझा व्हिडिओ तिने बघितला होता, तूच तिला दाखवला होतास. आई म्हणायची, बघ कशी छान समजावून सांगते, असं तिने मला सांगितलं. मी कागद हातात धरून उभी होते. मी तो घेऊन गेले असते तर जगात कोणालाही कधीच कळलं नसतं. खरं सांगते, मी तो अर्धा गुंडाळलाही होता.

मग मी बोलले. दुकानात उभ्या उभ्या, रस्त्यावरून टेम्पो जात असताना. खडूची रेघ, फाडलेली वर्तमानपत्रं, शिबिर, तुझं मॅडम म्हणणं, मेट्रोचा पूल. काही गाळलं नाही. प्रज्ञाने सुईखालचं कापड हातात धरून सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही.

"हे आईला सांगितलंत का?"

मी नाही म्हटलं.

"मग मला सांगून काय होणार?" तिने विचारलं, आणि खरंच उत्तराची वाट बघत थांबली. तिने माझ्या हातातून कागद घेतला, नीट गुंडाळला आणि मशीनखालच्या फळीवर ठेवला.

घरी येऊन मी जुना व्हिडिओ काढून टाकला आणि नवा केला. तीच ताडपत्री, तेच बांधणं, फक्त सुरुवातीला सांगितलं की यातलं काहीही माझं नाही. हे सुजाता तायडे हिने शोधून काढलं, आणि मी दोन वर्षं ते माझं म्हणून सांगत होते. मला वाटलं होतं, लोक शिव्या देतील. लोकांनी लिहिलं, किती मोठं मन, हे कबूल करायला धैर्य लागतं. शलाकाने फोन करून अभिमान वाटतो म्हटलं. त्यातलंही काही तुझ्यापर्यंत पोचलं नाही, सगळं परत माझ्याच पदरात आलं. आणि सुजाता, त्या रात्री मला चांगली झोप लागली, हेही तुला सांगायला हवं.

सकाळी प्रज्ञाचा मेसेज होता. एकच ओळ. "मावशी, आईचं आडनाव चुकलंय."

तायडे तुझं माहेरचं. शाळेच्या हजेरीत तेच होतं, दुकानाच्या पाटीवर तुझ्या वडिलांचं अजून तेच आहे. माझ्या फोनमध्ये तू सुजाता ताडपत्री आहेस. दोन वर्षं मी तुझ्या हातचा चहा प्यायले, तुझ्या नवऱ्याला भाऊजी म्हटलं, तुझ्या मावशीच्या अंगणात झाडांना दोऱ्या बांधल्या, तुझ्या पुण्यानुमोदनाला पहिल्या रांगेत बसले. लग्नानंतर तू कोण झालीस हे मी कधी विचारलंच नाही. मला ते कशाला लागलं नाही.

मी प्रज्ञाला फोन केला. बराच वेळ वाजल्यावर तिने उचलला, मागे मशीन चालू होतं. मी विचारलं, "आईचं पूर्ण नाव काय गं?"

मशीन थांबलं. सुजाता मनोहर इंगळे, ती म्हणाली, आणि मी लिहून घेतेय की नाही हे माहीत नसल्यामुळे असेल, पण तिने ते पुन्हा एकदा, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.